अ‍ॅप्ट अपडेट पुन्हा पुन्हा अडकतंय? यादी उडवण्याआधी एररची ओळ वाचा

सोलापुरात जिथे जिथे उबुंटू किंवा डेबियन लिनक्स चालतं, मग तो जुळे सोलापुरातला कॉम्प्युटर क्लास असो, सीएचं ऑफिस असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट, तिथून येणारा फोन ठरलेला असतो. "ओ सर, अपडेट परत अडकलंय." पाठोपाठचा प्रश्नही ठरलेला. "मागच्यासारखं ते लिस्टचं फोल्डर उडवू का?"

उडवू नका. आधी स्क्रीनवर कोणत्या ओळीला एरर आलाय ती वाचून दाखवा.

अ‍ॅप्ट म्हणजे या सिस्टमवर सॉफ्टवेअर उतरवणारी आणि अपडेट करणारी व्यवस्था, आणि ते लिस्टचं फोल्डर म्हणजे कोणती पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) मिळू शकतात याच्या याद्या. उडवायचा उपाय म्हणजे सुडो आरएम -आरएफ /व्हार/लिब/अ‍ॅप्ट/लिस्ट्स/* आणि लगेच सुडो अ‍ॅप्ट अपडेट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा इतका फिरलाय की लोकांना पाठ झालाय. (इथे कमांड आणि पाथ देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायचे. अ‍ॅप्टच्या सेटिंगच्या नावांना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, तेवढी चिंता नको.)

हा उपाय चालतो, म्हणून तर टिकलाय. पण बहुतेक वेळा तो चालतो तुम्ही पुसलंत म्हणून नव्हे, मधे दहा-पंधरा मिनिटं गेली म्हणून. तेवढ्यात मिररचं (मूळ सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरचं) काम पूर्ण झालेलं असतं, नाहीतर मधल्या प्रॉक्सीतली (तुमच्या आणि सर्व्हरच्या मधे बसून फाइली साठवणाऱ्या मशीनमधली) शिळी फाइल बदललेली असते. पुसण्याची किंमत मात्र मोजावीच लागते. उबुंटू २४.०४ चा मूळ संग्रह (पॅकेजेसचा साठा) २५ एप्रिल २०२४ ला प्रसिद्ध झाला आणि तिथेच गोठला. त्यानंतरचे बदल अपडेट्स आणि सिक्युरिटी या वेगळ्या कप्प्यांत येतात. मूळ संग्रहातल्या युनिव्हर्स विभागाची यादी एकटीच दाबलेल्या रूपात सुमारे १५ एमबीची आहे. ती एकदा मशीनवर आली की पुढे दरवेळी सर्व्हर 'बदल नाही' एवढंच सांगतो आणि विषय संपतो. फोल्डर पुसलं की कधीच न बदलणारी ती यादी पुन्हा पहिल्यापासून उतरवायची. वीस मशीनच्या लॅबमध्ये हाच प्रयोग केला की ३०० एमबी निव्वळ पाण्यात, आणि त्याच लाइनवर क्लासचा ऑनलाइन टेस्ट चालू असतो.

अपडेट म्हटल्यावर नक्की काय येतं

अ‍ॅप्ट प्रत्येक संग्रहाची इनरिलीज नावाची एक छोटी फाइल आधी आणतं. तिच्यावर वितरकाची डिजिटल सही असते आणि आत प्रत्येक यादीचं नाव, आकार आणि एसएचए२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) लिहिलेला असतो. सही तपासली जाते, मग आपल्याकडच्या याद्यांशी हॅश ताडले जातात, आणि ज्या बदलल्या असतील तेवढ्याच उतरवल्या जातात. टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. इनरिलीज म्हणजे सही-शिक्क्याची बिल्टी, तिच्यावर प्रत्येक गाठीचा नंबर आणि वजन. उतरवताना एका गाठीचं वजन जुळलं नाही तर ती गाठ बाजूला काढून चौकशी करतात, अख्खं गोदाम कुणी रिकामं करत नाही.

स्क्रीनवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हिट, गेट, इग्न किंवा एर यांपैकी एक असतं. हिट म्हणजे बदल नाही. गेट म्हणजे नवीन उतरवलं. इग्न म्हणजे ते मिळालं नाही, पण तूर्त सोडून दिलं, आणि याला घाबरायचं कारण नसतं. शोधायची ती एर. ती कोणत्या संग्रहाची आहे आणि कोणत्या फाइलची, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. इनरिलीजवर एर आली तर घड्याळ, नेटवर्क किंवा सही यांपैकी काहीतरी बिघडलंय. पॅकेजेस यादीवर आली तर मिरर किंवा कॅश (मधे साठवलेली प्रत). आणि अपडेट नीट होऊन इन्स्टॉल करताना डेब फाइलवर (पॅकेजच्या फाइलवर) ४०४, म्हणजे 'सापडली नाही', आला तर तुमची यादीच जुनी आहे.

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट'

सगळ्यात सोपा प्रकार, तरी सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण लोक राउटर बंद-चालू करत बसतात. याच ओळीत पुढे 'अजून इतके दिवस, इतके तास अवैध' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या मशीनच्या मते ही यादी अजून तयारच व्हायची आहे. टर्मिनलवर डेट टाइप करून तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असला की मेन बोर्डावरून वीज बंद होताच घड्याळ कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीला जाऊन बसतं. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपून क्लास उघडला की पहिल्या दिवशी दोन-चार मशीन तरी या अवस्थेत निघतात. याच मशीनवर एचटीटीपीएसवाले संग्रह 'सर्टिफिकेट अजून लागू नाही' म्हणून वेगळाच एरर देतात. एरर दोन दिसले तरी कारण एकच आहे.

सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. मशीनची पिन भिंतीतून काढा, सेलच्या कडेची पत्री नखाने बाजूला दाबा, सेल उडून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मग बायोसमध्ये तारीख लावा आणि लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल चालवून 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड' पुढे येस आहे का ते पाहा. नो असेल तर सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू. तरी नोच राहिलं तर फायरवॉलमध्ये यूडीपीचा १२३ नंबर पोर्ट बंद आहे का ते तपासा. काही ऑफिसांमध्ये कडक सुरक्षेच्या नावाखाली तो बंद करून ठेवलेला असतो.

मशीनवर विंडोजही असेल आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल बदलू नका. विंडोज हार्डवेअर घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं. दोघांत एकमत नसलं की बरोबर भारतीय वेळेएवढी तफावत पडते. दोन्हींना यूटीसीवर आणा: लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद १.

तारीख तपासणीच बंद करून टाकणारं एक सेटिंग अ‍ॅप्टमध्ये आहे. ते सांगणारे पुष्कळ भेटतील. घड्याळ दुरुस्त करणं त्याहून सोपं आहे.

'नोस्प्लिट' म्हणजे रिचार्ज संपला

संदेश काहीसा असा असतो: क्लिअरसाइन्ड फाइल वैध नाही, 'नोस्प्लिट' मिळालं, नेटवर्कला लॉगिन लागतं का? शेवटचा प्रश्न अ‍ॅप्टने फार शहाणपणाने विचारलाय, पण कुणी तिथपर्यंत वाचत नाही. इनरिलीज मागितली तेव्हा सहीच्या फाइलऐवजी एखादं वेबपेज हाती आलंय. ब्रॉडबँडचा प्लॅन संपल्यावर कंपनी साध्या एचटीटीपीच्या सगळ्या विनंत्या स्वतःच्या रिचार्ज पानाकडे वळवते. वसतिगृहाच्या आणि लॉजच्या वायफायचंही तेच.

खात्री करायला कर्ल -एस देऊन पुढे त्या इनरिलीजचा पत्ता लिहा आणि आउटपुट हेड -एन ३ मधून काढा. पहिल्या ओळीत 'बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज' दिसलं तर फाइल खरी आहे. 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं किंवा काहीच आलं नाही, तर मशीनला हात लावू नका, क्लासच्या मालकांना फोन लावा. सही तपासली जात असल्यामुळे ते रिचार्ज पान तुमच्या याद्यांत घुसत नाही. जुन्या याद्या जशाच्या तशा राहतात, म्हणजे इथे पुसण्यासारखं काही नसतंच.

'हॅश सम मिसमॅच'

वारंवार डोकं वर काढणारा खरा प्रकार हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

नव्या अ‍ॅप्टमध्ये या एररखाली आठ-दहा ओळी येतात: अपेक्षित हॅश, अपेक्षित आकार, प्रत्यक्ष मिळालेले हॅश, आणि अगदी शेवटी 'लास्ट मॉडिफिकेशन रिपोर्टेड' आणि 'रिलीज फाइल क्रिएटेड अ‍ॅट' या दोन वेळा. लोक स्क्रीनशॉट पाठवतात तेव्हा नेमक्या याच ओळी कापलेल्या असतात. मिळालेली फाइल रिलीज फाइलपेक्षा बरीच जुनी असेल, तर मधे कुठेतरी शिळा माल हातात पडलाय. 'फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइझ, मिरर सिंक इन प्रोग्रेस?' असा संदेश आला तर अ‍ॅप्टलाही तोच संशय आहे. आकार तंतोतंत जुळतो आणि हॅश तेवढा वेगळा, असं असेल तर मात्र वाटेत बिट बिघडलेत. तेव्हा रॅम, नेटवर्क केबल आणि मधे बसलेला अँटिव्हायरस किंवा फिल्टर यांच्याकडे वळायचं. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

शिळा माल येतो कसा? पूर्वी याद्यांची नावं ठरलेली असत. इनरिलीज उतरवली आणि पॅकेजेस यादी मागितली, तेवढ्या अर्ध्या मिनिटात मिररवर नवी यादी बसली, की हॅश जुळायचा नाही. यावर बाय-हॅश ही सोय आली. प्रत्येक यादी तिच्या हॅशच्याच नावाने एका फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि जुन्या आवृत्त्याही काही काळ तिथे राहतात. तुमच्या हातातली इनरिलीज थोडी जुनी असली तरी तिच्यात लिहिलेली नेमकी यादी मिळतेच. उबुंटू १६.०४ पासून, म्हणजे २०१६ पासून, अ‍ॅप्टला हे येतं आणि उबुंटूच्या मुख्य संग्रहात ते चालू आहे.

याचा अर्थ असा की आजच्या उबुंटूवर मुख्य संग्रहाच्या बाबतीत हॅश मिसमॅच वारंवार येत असेल, तर मुख्य सर्व्हरवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. संशयित तीनच उरतात. एक, बाय-हॅश न देणारा तिसऱ्या पक्षाचा संग्रह. एर ओळीतलं नाव वाचलंत की हा लगेच सापडतो. दोन, तुमच्या आणि सर्व्हरच्या मधला कॅशिंग प्रॉक्सी, जो फाइल बदलली तरी जुनीच वाढतो. तीन, लॅबमध्ये तुम्हीच बसवलेला अ‍ॅप्टचा कॅशर. त्याकडे पुढे येतो.

दुसऱ्याची परीक्षा एका कमांडची आहे: सुडो अ‍ॅप्ट-गेट -ओ अ‍ॅक्वायर::एचटीटीपी::नो-कॅश=ट्रू अपडेट. ही चालली आणि साधी चालली नाही, तर मधला प्रॉक्सीच दोषी. मग कायमचा इलाज म्हणजे एचटीटीपीएस देणारा मिरर, कारण बंद पाकिटात काय आहे ते मधल्या प्रॉक्सीला दिसत नाही, म्हणून ते साठवताही येत नाही. डेबियनचा डेब.डेबियन.ऑर्ग एचटीटीपीएसवर चालतो. उबुंटूसाठी मिररची अधिकृत यादी लाँचपॅडवर आहे. तिथे प्रत्येक मिररपुढे तो अद्ययावत आहे की मागे पडलाय हेही लिहिलेलं असतं. भारतातला म्हणून मिरर निवडायचा, आयआयटी कानपूरचा असो वा दुसरा कुठला, तर त्याच्यापुढचा तो शेरा बघून निवडा. जवळचा मिरर वेगवान असेलच, पण ताजा असेलच असं नाही. आणि काही झालं तरी सिक्युरिटीची ओळ सिक्युरिटी.उबुंटू.कॉमवरच राहू द्या. मिरर दोन दिवस मागे पडला तरी सुरक्षेचे पॅच थेट येत राहतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू किंवा काली शिकणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी टीप. विंडोजवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू असताना व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या पाहुण्या लिनक्समध्ये सगळ्याच फाइलींचे हॅश चुकताना दिसले, तर दोष ना मिररचा ना नेटचा, हॅश काढण्याच्या गणितातच गडबड होतेय. /इटीसी/जीक्रिप्ट/ फोल्डरमध्ये एचडब्ल्यूएफ.डिनाय नावाची फाइल करून तिच्यात ऑल एवढा शब्द लिहिला की ते थांबतं.

जे लोक आरसिंकने (फाइलींची नक्कल करणाऱ्या टूलने) स्वतःचा पूर्ण मिरर ठेवतात त्यांच्याकडून एक गफलत हमखास होते. एकाच फेरीत सगळं आणि सोबत डिलीट. आरसिंक फोल्डर वर्णक्रमाने घेतं, त्यामुळे डिस्ट्स (याद्या) आधी आणि पूल (पॅकेजेस) नंतर. म्हणजे नव्या याद्या पोचल्या, पण त्यांच्यात लिहिलेली पॅकेजेस अजून यायचीत, आणि त्या वेळात ज्याने इन्स्टॉल केलं त्याला ४०४. डेबियनचं स्वतःचं एफटीपीसिंक दोन टप्प्यांत चालतं: आधी पूल, मग याद्या, आणि पुसापुशी सगळ्यात शेवटी. तुमच्या स्क्रिप्टमध्येही तोच क्रम हवा.

शून्य टक्क्यांवर लटकलेलं 'कनेक्टिंग टू'

कंसात कोलननी तोडलेला लांबलचक आयपीव्ही६ पत्ता दिसतो आणि काही हलत नाही. राउटरने आयपीव्ही६ पत्ता दिलाय, पण पुढे रस्ता नाही. ब्राउझर गुपचूप आयपीव्ही४ वर जातो, म्हणून मुलं म्हणतात "नेट तर चालू आहे की." सुडो अ‍ॅप्ट-गेट -ओ अ‍ॅक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू अपडेट चालवून बघा. लगेच सुटलं तर अ‍ॅक्वायर::फोर्सआयपीव्ही४ "ट्रू"; ही ओळ /इटीसी/अ‍ॅप्ट/अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी/ मधल्या एका फाइलमध्ये टाका आणि ब्रॉडबँडवाल्याकडे तक्रार नोंदवा. तक्रारीचं काय होतं ते विचारू नका.

४०४, कुलूप आणि चावी

इन्स्टॉल करताना ४०४ आला तर पाच सेकंदांचं काम: अपडेट, मग इन्स्टॉल. नवी आवृत्ती आली की जुनी डेब फाइल संग्रहातून निघून जाते आणि तुमची यादी मात्र तिलाच बोट दाखवत असते. डॉकरवाल्यांकडे हा एरर सतत दिसतो, कारण डॉकरफाइलमध्ये अपडेट एका ओळीत आणि इन्स्टॉल दुसऱ्या ओळीत असतं. पहिली ओळ महिनाभरापूर्वीच्या कॅशमधून येते. दोन्ही एकाच रन ओळीत, मधे दोन अँपरसँड. आणि याद्या पुसण्याची कमांड जिथे खरोखर शोभते ती जागाही हीच, त्या ओळीच्या शेवटी, कारण इमेजमध्ये याद्यांचं ओझं वाहून उपयोग नाही.

अपडेटच ४०४ देत असेल तर आवृत्तीचं आयुष्य संपलंय. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्या नऊ महिने जगतात आणि नंतर ओल्ड-रिलीजेस.उबुंटू.कॉमवर जातात. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, त्याची पॅकेजेस आता व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्गवर आहेत. पत्ता बदलून याद्या मिळतील, पण सुरक्षेचे पॅच मिळणार नाहीत. टॅलीच्या डेटाचं बॅकअप घेणारा सर्व्हर अशा मशीनवर असेल तर तो हलवा.

'कुड नॉट गेट लॉक' आलं की लॉक फाइल पुसायची, हीसुद्धा अशीच फिरलेली विद्या. त्याच ओळीत कुलूप कुणी धरलंय तो प्रोसेस नंबर आणि नाव लिहिलेलं असतं, बहुधा अनअटेंडेड-अपग्रेड्स. याद्या आणणारा अ‍ॅप्ट-डेलीचा टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला लागतो आणि पुढच्या १२ तासांत कधीही चालू शकतो, म्हणजे सगळ्या जगाची मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. रात्री बंद असलेल्या मशीनची हुकलेली फेरी सकाळी भरून काढली जाते. चहा पिऊन या, कुलूप सुटलेलं असेल.

'नो पबकी' म्हणजे सहीची चावी नाही. त्या संग्रहाच्या मूळ साइटवरून नवी चावी घ्या, /इटीसी/अ‍ॅप्ट/कीरिंग्ज/ मध्ये ठेवा आणि सोर्स ओळीत साइन्ड-बायने तिचा पाथ द्या. अ‍ॅप्ट-की वापरायला सांगणारी जुनी उत्तरं वाचू नका. त्या पद्धतीत एका संग्रहाची चावी सगळ्या संग्रहांना लागू व्हायची.

आता ओझं कमी करूया

अ‍ॅप्ट-गेट इंडेक्सटार्गेट्स चालवलं की मशीन कोणकोणत्या याद्या आणते ते सगळं दिसतं. आउटपुट लांबलचक येतं, पण एकदा तरी बघाच. बहुतेक लॅबमध्ये तीन गोष्टी फुकट येत असतात. वाइन किंवा स्टीम कधीतरी टाकून काढलेलं असतं, पण आय३८६ (३२-बिट) आर्किटेक्चर तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक यादी दोनदा. डीपीकेजी --प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्सने बघा, आणि त्याची पॅकेजेस शिल्लक नसतील तर --रिमूव्ह-आर्किटेक्चर आय३८६. दुसरं, पॅकेजच्या वर्णनांची भाषांतरं. अ‍ॅक्वायर::लँग्वेजेस "नन" लिहिलं की ती थांबतात, पण मग अ‍ॅप्ट शोमध्ये लांब वर्णन दिसत नाही, हे पटत असेल तरच करा. तिसरं, कुणीतरी प्रोजेक्टसाठी घातलेले आणि विसरलेले पीपीए (कुणा एकाने चालवलेले वेगळे संग्रह). ते सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये पडून असतात, आणि अर्ध्या एर ओळी त्यांच्याच निघतात. उबुंटू २४.०४ मध्ये मुख्य पत्ते उबुंटू.सोर्सेस नावाच्या नव्या धाटणीच्या फाइलमध्ये आहेत. जुन्या सोर्सेस.लिस्टमध्येही त्याच ओळी पुन्हा टाकल्या तर 'कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स'चा पाऊस पडतो.

वीस मशीनना एकच खिडकी

एका खोलीत दोन-चारपेक्षा जास्त मशीन असतील तर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. पूर्ण मिरर ठेवायची गरज नाही. तो शेकडो जीबी खातो आणि त्यातली बहुतेक पॅकेजेस तुम्ही जन्मात वापरणार नाही. कॅशर फक्त कुणीतरी मागितलेली फाइल साठवतो आणि पुढच्याला लॅबच्याच नेटवर्कमधून देतो. जे मशीन कायम चालू असतं त्यावर सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी. बाकी प्रत्येक मशीनवर अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी मध्ये ०१प्रॉक्सी नावाची एक ओळीची फाइल: अ‍ॅक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी, पुढे त्या मशीनचा आयपी आणि पोर्ट ३१४२. कॅशरचा आयपी राउटरमध्ये पक्का बांधून ठेवा, नाहीतर सोमवारी सगळी लॅब एकदम बंद.

दोन अडचणी येतात. एचटीटीपीएसवाले संग्रह ४०३ देतात, कारण कॅशर त्यांच्यासाठी बोगदा उघडत नाही. एसीएनजी.कॉन्फमधल्या पासथ्रूपॅटर्न ओळीत त्या संग्रहाचं नाव घाला. दुसरी, लॅपटॉप घरी नेला की कॅशर सापडत नाही आणि अपडेट अडकतं. लॅपटॉपवर त्या फाइलऐवजी ऑटो-अ‍ॅप्ट-प्रॉक्सी हे पॅकेज टाका, कॅशर दिसला तर ते वापरतं, नाहीतर थेट जातं.

आणि वर राहिलेला तिसरा संशयित. कॅशरला यूपीएस नसेल आणि यादी लिहिताना वीज गेली, तर अर्धवट फाइल साठून राहू शकते. लक्षण ओळखायला सोपं: सगळ्या मशीनवर, त्याच फाइलवर, तोच हॅश चुकतो. एका मशीनवरची ०१प्रॉक्सी फाइल बाजूला ठेवून अपडेट करा. झालं, तर बिघाड कॅशरमध्ये. मग त्याच्या एसीएनजी-रिपोर्ट पानावर जाऊन एक्स्पायरेशन स्कॅन तपासणीच्या पर्यायासह चालवा, खराब फाइल तिथे सापडते. वीस मशीनवर वीस वेळा याद्या पुसून यात काहीच होत नाही, कारण प्रत्येक जण पुन्हा त्याच खराब फाइलकडे जातो. 'उडवून पाहिलं तरी येतंय' असे फोन येतात ते इथूनच.

एमआयडीसीतल्या काही युनिटमध्ये डिझाइनच्या मशीनला मुद्दाम इंटरनेट दिलेलं नसतं. तिथे अ‍ॅप्ट-ऑफलाइन कामाला येतं. त्या मशीनवर सेट कमांडने काय हवंय याची छोटी फाइल बनवायची, पेन ड्राइव्हवरून नेटवाल्या मशीनवर नेऊन गेटने सगळं एका झिपमध्ये उतरवायचं, परत आणून इन्स्टॉल. याद्यांच्या सह्या तिथेही तपासल्या जातात.

फेडोरा आणि रॉकी वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात

तिथे अ‍ॅप्टची जागा घेणारा डीएनएफ दरवेळी सर्व्हरला विचारत नाही. मेटाडेटा ठराविक काळ ताजा मानतो, मूळ सेटिंग ४८ तासांचं, फेडोराच्या अपडेट्स संग्रहासाठी ६ तासांचं. म्हणून "काल आलेला पॅच दिसत नाही" अशी तक्रार येते. उत्तर डीएनएफ क्लीन ऑल नव्हे, डीएनएफ अपग्रेड --रिफ्रेश. त्याने फक्त ताजेपणा पुन्हा विचारला जातो, न बदललेलं पुन्हा उतरत नाही. आर्चवाल्यांनी पॅकमन -एसवाय करून एखादंच पॅकेज टाकू नये. नवी यादी आणि जुनी लायब्ररी यांचं जमत नाही, -एसवाययू हवं.

अपडेट अगदी स्वच्छ झालं, सगळीकडे हिट आणि गेट, तरी अपग्रेडमध्ये काही पॅकेजेस 'केप्ट बॅक' किंवा 'डिफर्ड ड्यू टू फेजिंग' दिसतात, तेव्हा काही बिघडलेलं नसतं. उबुंटू अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं आणि तुमच्या मशीनची पाळी अजून आलेली नाही. शेजारच्या मशीनवर तेच पॅकेज आलं आणि इथे नाही, याचंही कारण तेच.

आणि मला किंवा कुणालाही विचारायचं झालं, तर मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो नको. सुडो अ‍ॅप्ट-गेट अपडेट पासून शेवटच्या ओळीपर्यंतचा पूर्ण मजकूर, डेट कमांडचं उत्तर, अ‍ॅप्ट-कॉन्फिग डंपमधल्या प्रॉक्सीच्या ओळी आणि शेजारच्या मशीनवर हाच एरर येतो की नाही, एवढं कॉपी करून पाठवा.